बहात्तर ग्रॅम

तीस वर्षं मी गुळाचे रवे तोलतोय
मार्केट यार्डात, अडत्याच्या दारात.
तीस किलोचा रवा काट्यावर घ्यायचा,
पावशेर इकडंतिकडं झाला
की दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या.
ग्रॅम हा शब्द माझ्या धंद्यात नव्हता.

तो आला खिशामुळं.
वडिलांचा घडीचा चाकू, पितळी मुठीचा,
दीडशेच्या वर भरायचा.
किती पैरणींचा डावा खिसा त्यानं उसवला.
चालताना मांडीवर आपटत राहायचा,
देणं राहिलेला माणूस शेजारनं चालावा तसा.

मग पोरानं एक हलका आणून दिला,
ॲल्युमिनियमचा, निळा, अडतीस ग्रॅम.
सुतळी कापली, पोत्याची शिवण कापली,
आक्काताईच्या टोपलीतला पेरू कापला.
पाडव्याच्या सौद्याला
रव्यात टोक घालून चाखणीपुरता कपचा काढायला गेलो
आणि पातं मुठीत हललं,
दुखऱ्या दातासारखं.
कापताना नव्हे. उचकताना गेला तो.

उद्यमनगरात लेथच्या ओळीमागं
इलाही शिकलगार बसतो.
दोन्ही चाकू त्याच्यापुढं ठेवले.
म्हटलं, ह्या निळ्याचं वजन दे, त्या पितळ्याची ताकद दे.
तो हसला नाही.
"काय करतोस ह्यानं?"
"कापतो."
"आणि?"
"कापतोच."
"कापतोच म्हणणारी सगळी उचकत्यात,"
तो म्हणाला, आणि चहा सांगितला.

वडिलांचा चाकू त्यानं पेपरवर उकलून ठेवला.
पितळेच्या दोन बाजू, आतल्या पोलादी पट्ट्या,
पाठीची स्प्रिंग, एक खिळा.
एवढंच होतं त्यात? मला उगाच वाईट वाटलं.
"पितळ दिसायला. ते काढू. शिसव लावू."
पट्ट्यांवर खडूनं ठिपके काढले,
पाव्याला भोकं असतात तशी ओळ,
आणि खिळ्याच्या दोन बोटं अलीकडं खडू थांबवला.
"हितं एक बी न्हाई पाडायचं.
सगळा जोर हितं येऊन बसतोय.
मधला पत्रा नुसता बसून खातोय."

चौथ्या दिवशी चाकू हातात दिला.
पात्याची पाठ तशीच जाड, पोट तेवढं उतरवलेलं.
तोलाईदार मी, दुसऱ्याच्या बोलण्यावर वजन घेत नाही,
तडक गुजरीत भाच्याच्या काट्यावर ठेवला.
बहात्तर, आणि वर काही मिली.
परत येऊन म्हटलं, साठ झाला असता की.
"साठ व्हतोय. मग पन्नास बी व्हतोय.
कुठं थांबायचं ते मी ठरीवलं,
फुडचं तुझं मनगट ठरवंल."

महिनाभरानं आक्काताई दारातनं ओरडली,
"धुतलो की मी तुमचा चाकू बी!
पैरणीत होता, हाताला लागलाच न्हाई."
शिसव पांढुरकी पडली होती.
पातं उघडलं. टक.
आवाज तोच, जागा तीच, हलणं नाही.
तिनं खोबरेलाचा एक थेंब खिळ्यावर सोडला
आणि न विचारता परत खिशात ठेवला.

यंदाच्या पाडव्याला
रव्यात टोक घातलं.
मनगट जुन्या सवयीनं वळायला निघालं,
मी धरलं त्याला.
दोन बोटं सोडून तिरका दुसरा काप दिला,
कपचा आपणहून सुटून आला.
गूळ चांगला होता, किंचित खारट, काळ्या रानातला.
अडत्या म्हणाला, काय तोलाईदार, आज लई हळू चाललंय.

पातं धोतराला पुसलं, मिटलं,
आणि पुढचा रवा काट्यावर ओढताना
दोनदा खिसा चाचपून बघितला,
आहे का.